पान अजून जितं हाय

आमच्या गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत एक फ्रीज आहे आणि त्याच्या आत पन्नास अंश तापमान असतं. एका दाराचा, कडांना गंज धरलेला, गॅस गेला म्हणून भंगारात निघालेला. भंगारवाल्याशी भाव ठरला होता, बायकोने ते पैसे मनातल्या मनात खर्चूनही टाकले होते. ऐन वेळी मी आडवा पडलो. आता त्याच्या तळाला साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब आहे, बल्बच्या वर पाण्याचं पसरट पातेलं, बाजूला अंडी उबवायच्या पेटीत असतो तसला तापमान राखणारा डबा, आणि वरच्या जाळ्यांवर, जिथे एके काळी दूध-कोथिंबीर असायची, तिथे तंबाखूच्या पानांच्या जुड्या.

पहिल्या आठवड्यात दार उघडलं की अमोनियाचा भपकारा येतो. बायकोने त्याला एसटी स्टँडवरच्या मुतारीची उपमा दिली, आणि ती चुकीची नव्हती. दुसऱ्या आठवड्यात ओल्या कडब्याचा, जरा आंबूस वास. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी, नेमकं कुठल्या दिवशी ते मला अजून पकडता आलेलं नाही, वास पालटतो. गुऱ्हाळात काहील उतरल्यावर तिच्या कडेला जो करपट-गोड थर चिकटून राहतो, त्याच्या जवळपासचा. त्यात थोडी जुनी चिंच, थोडं चामडं. मी दिवसातून दोनदा वर जातो, दार उघडतो, नाक आत घालतो आणि खाली येतो. शेजारच्या काकूंना वाटतं, मी वर देव ठेवलाय.

पाइप मी महिन्यातून फार तर तीन-चार वेळा ओढतो. सिगार वर्षाला एखाददुसरा, तोही कुणी आणून दिला तर. हिशोब मांडला तर तंबाखूच्या माझ्या नादात ओढण्याचा वाटा रुपयात दहा पैसे. बाकीचे नव्वद पैसे लावणं, खुडणं, टांगणं, हुंगणं, दाबणं, चिरणं आणि मुख्य म्हणजे वाट बघणं. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. तंबाखूच्या पट्ट्यातला माणूस आणि तंबाखू हौस म्हणून वाळवतो, म्हणजे कोळ्याने घरी टाकीत मासे पाळल्यासारखंच.

माझं गाव निपाणीपासून आठ किलोमीटरवर. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, पण बाजारात कान दिला तर मराठीच जास्त. आमच्याकडे विडीची तंबाखू. जूनमध्ये तरू, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचा. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे. आज्जा ते राखेत मिसळून फेकायचा आणि वर माती ओढू द्यायचा नाही, कारण उजेड दिसल्याशिवाय ते नीट उगवत नाही. ऑगस्टमध्ये लावण. फुलकळी दिसली की शेंडा खुडायचा, मग पानांच्या बगलेतून फुटणारी पिलं दर आठ-दहा दिवसांनी मोडत राहायची. जीव पानात उतरला पाहिजे, म्हणायचा. निकोटीन मुळांत तयार होतं आणि तिथून वर पानांत चढतं, हे मी फार उशिरा वाचलं. आज्जाचं उतरणं आणि शास्त्राचं चढणं. पान जड व्हायचं ते झालंच.

थंडीत कापणी. माल शिवारातच उन्हात पसरायचा आणि उलटायचा मात्र पहाटे. दंव असतं तोवर पान कातड्यासारखं मऊ असतं, कसंही वळवा, मोडत नाही. ऊन वर आलं की त्याच पानाचा पापड होतो, हात लागला की चुरा. त्यामुळे पहाटे चारला घरातलं सगळं माणूस शिवारात. मी कंदील धरायला. हाताला एक काळा चिकट थर चढायचा, तो राखेने घासूनही पुरता जायचा नाही, आणि सकाळच्या भाकरीचा पहिला घास हमखास कडू लागायचा.

सात-आठ वर्षांचा असताना मी एक शहाणपणा केला होता. सगळे महिनाभर करतात ते आपण एका दिवसात करू, म्हणून एक भलंमोठं हिरवं पान चुलीच्या वैलावर आडवं घातलं. तासाभरात ते कडकडीत वाळलं, पण हिरवंच राहिलं. मोठ्या फुशारकीने आज्जाला नेऊन दाखवलं. त्याने ते हातात घेऊन उजेडात धरलं, हुंगलं, आणि सरळ चुलीत टाकलं.

"जितं पान जाळलंस की रं लेका," तो म्हणाला. "तोडलं म्हंजे मेलं न्हवं त्ये. पान अजून जितं असतंय. त्याला त्याच्या मतानं मरू द्यायचं."

मला यातलं काही कळलं नाही. पान चुलीत गेल्याचा राग तेवढा आला.

आज्जा स्वतः ओढायचा ती तंबाखू कुठली, तर बुडख्याची. जमिनीला टेकलेली खालची पानं मातकट होतात, त्यांना भाव येत नाही. ती घरात राहायची. चांगलं पान विकायचं, फाटकं ओढायचं, हा नियम दुधाला होता तसाच तंबाखूला. त्याची चिलीम मातीची, आत एक गुळगुळीत खडा, खाली ओल्या फडक्याची छापी. चंचीतून चिमूट काढायचा, तळव्यावर अंगठ्याने मोकळी करायचा, वरून विस्तवाचा खडा ठेवायचा आणि दोन्ही हातांची ओंजळ करून असा काही ओढायचा की गालांचे खड्डे एकमेकांना भेटावेत. मग खोकला. तो खोकला आम्हाला इतका सवयीचा होता की एखाद्या पहाटे ऐकू आला नाही तर आज्जी उठून बघायची.

आणि आज्जी. घरी शेती असली तरी ती अडीनडीला निपाणीच्या वखारीत जायची. तिथे बायका ओळीने बसून तंबाखू चाळायच्या, काड्या निवडायच्या. धूळ इतकी की तोंडाला पदर घट्ट बांधल्याशिवाय बसताच यायचं नाही. संध्याकाळी घरी यायची तेव्हा डोळे लाल, नाकातून काळं पाणी. अंधारातही आज्जी आल्याचं आधी लुगड्याच्या वासावरून कळायचं. रात्री तीच आज्जी तव्यावर मशेरी भाजायची. बुडख्याचं पान काळं होईस्तोवर भाजून चोळायचं, डबीत भरायचं. तो धूर घरात शिरला की माणसं, मांजर, गोठ्यातली म्हैस सगळे ठसकायचे. तंबाखूवर घरच्या घरी संस्कार वगैरे म्हणायचं झालं तर आमच्या मुलखातला पहिला कारखाना तो तवा. जगात कुठे कुठे माणसं घरात तंबाखू मुरवतात याची कौतुकं आता वाचतो तेव्हा तो तवा आठवतो.

मी तिसरीत होतो त्या वर्षी, मार्च-एप्रिल १९८१ मध्ये, तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या हायवेवर बसले. शरद जोशींचं नेतृत्व होतं. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ जण गेले. आज्जा त्या रस्त्यावर होता. परत आला तेव्हा त्याची चंची हरवलेली होती. त्याबद्दल तो जन्मभर एवढंच बोलला, की चंची कुठं पडली कळलं न्हाई.

पाइप माझ्या आयुष्यात आला तो पुण्याच्या नोकरीत. आमचे एक पारशी साहेब निवृत्त होताना त्यांनी टेबलाचे खण रिकामे केले आणि मला एक जुना ब्रायरचा पाइप दिला. का दिला, माहीत नाही. बहुधा निपाणी हे नाव ऐकून. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावर येणारी गाठ. ती गाठ तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात, तेव्हा कुठे तिचा पाइप कोरता येतो आणि आत निखारा असूनही लाकूड जळत नाही. साहेबांनी भरायची रीतही शिकवली. पहिला थर लहान मुलाच्या हाताने दाबायचा, दुसरा बाईच्या हाताने, तिसरा पुरुषाच्या. पाइप ओढणाऱ्यांची ही जुनी म्हण आहे. साहेबांनी आमच्या घरातल्या बायकांचे हात पाहिले नव्हते. आज्जीच्या हाताने दाबला असता तर पाइपमधून वारा गेला नसता.

एकदा पेटवायचं, तंबाखू फुलून वर येते, ती हलकेच बसवायची, पुन्हा पेटवायचं. मग ओढायचं म्हणजे जवळजवळ ओढायचंच नाही. विस्तव विझू नये इतपत श्वास घ्यायचा. घाई केली की जिभेला चटका बसतो, पाइप तापतो आणि आत पाणी बुडबुडायला लागतं. मला पहिले सहा महिने जमलं नाही. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "तू ट्रेन पकडायला निघाल्यासारखा ओढतोस." ते खरं होतं, मी लोकलच्या पासवर जगणारा माणूस. पुढे जमलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आज्जाची चिलीम हा दमाचा खेळ होता आणि पाइप हा दम न लावण्याचा. एकच झाड, पण दोन अगदी उलट माणसं लागतात.

तशी ही वस्तू आमच्या मुलखाला नवीन नाही. पोर्तुगीजांनी तंबाखू आणली आणि दख्खनमध्ये ती उत्तरेच्या आधी रुजली. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला वकिलीवर आला होता, तिथे त्याने ती पहिल्यांदा पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित नळीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला. बादशहा त्या नादी लागला नाही, पण सरदार लागले. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचं फर्मान काढलं, ते कुणी पाळलं नाही. विजापूर आमच्यापासून फार लांब नाही. त्या नळीत आमच्या बाजूचं पान असेल, असं मी स्वतःला सांगत असतो. पुरावा काही नाही, पण माझी गच्ची, माझा इतिहास.

दुकानातली डबाबंद पाइप तंबाखू ओढायला लागलो आणि मला पहिल्यांदा धक्का बसला. हा वास आमच्या घरात कधी नव्हता. वर्षाला पोत्यांनी तंबाखू पिकवणाऱ्या घरात तंबाखू इतकी गोड वासाची असू शकते हे कुणाला माहीतच नव्हतं. सायप्रसमध्ये लाकडाच्या धुरावर महिनोन्‌महिने मुरवलेलं एक काळं पान असतं, लाटाकिया. त्याची डबी उघडली की तिन्हीसांजेला गोठ्यात धुरी केल्यावर येतो तसा वास. अमेरिकेत लुइझियानातली पेरिक नावाची तंबाखू तर चक्क लोणच्यासारखी घालतात. व्हिस्कीच्या जुन्या पिंपात, वरून दाब देऊन, स्वतःच्याच रसात बुडवून. हे वाचलं त्या रात्री मी तात्याला फोन केला. तात्या म्हणजे माझा धाकटा चुलता, शेती तोच बघतो.

"तात्या, तंबाखूचं थोडं बी ठेवाल का मला?"

"कशाला?"

"गच्चीवर लावतो म्हणतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "नोकरी गेली का रं?"

कोल्हापूरला बदली होऊन आम्ही स्वतःच्या घरात आलो होतो, गच्ची होती. रंगाच्या वीस लिटरच्या चौदा बादल्यांत चौदा झाडं लावली. छातीएवढी झाली. सगळं आज्जासारखं केलं, शेंडे खुडले, पिलं मोडली. आणि पानं उतरवून गच्चीवर दोरीला टांगली तिथे माती खाल्ली. फेब्रुवारी संपत आला होता, गच्चीची फरशी तापलेली, वारा कोरडा. दोन दिवसांत पानं कडकडीत वाळली आणि हिरवीच्या हिरवी राहिली. पाइपमध्ये भरून पाहिली तर गवताची गंजी पेटल्यासारखा धूर, आणि दहाव्या मिनिटाला असं गरगरलं की मी टाकीला पाठ लावून खालीच बसलो. विडीचं पान, त्यात दम भारी. बायकोने लिंबूसरबत आणून दिलं आणि एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

तात्या पुढच्या आठवड्यात बाजाराला आले होते. एक हिरवं पान उचलून त्यांनी कानाजवळ चुरगाळलं. "जितं वाळवलंयस," म्हणाले.

तेव्हा चुलीत गेलेलं ते पान मला आठवलं, आणि या वेळी मी ते शास्त्रातून शोधायला बसलो. आज्जा अक्षरशः बरोबर होता. पान तोडल्यावरही त्याच्या पेशी कित्येक दिवस जिवंत असतात, श्वास घेत असतात. मुळाशी संबंध तुटलेला, मग घरात साठवलेलं खायला काढतात. पिठूळ सत्त्वाची साखर होते, हिरवा रंग मोडतो, त्याच्या आड दडलेला पिवळा वर येतो. पान आधीच वाळून मेलं तर हे सगळं जिथल्या तिथे थांबतं आणि हिरवेपणा कायमचा गोठतो. तंबाखू वाळवायची म्हणजे ओल काढायची, असं मी समजत होतो. कामाचा निम्मा भाग ओल राखण्याचा असतो.

यात पुढचा खेळ आणखी मजेचा आहे. पान पिवळं झालं की त्याच क्षणी भट्टीत ताप वाढवून त्याला मारलं तर साखर आत राहते. आंध्रात गुंटूरकडची व्हर्जिनिया जातीची तंबाखू तशी करतात. पस्तीस-अडतीस अंशांवर पिवळी करायची, मग चढत चढत सत्तरच्या वर नेऊन शिरासुद्धा सुकवायची, आठवड्याभरात काम संपतं. पण सावलीत, वाऱ्यावर, सहा-आठ आठवडे सावकाश मरू दिलं तर पान आपलीच साखर आपणच खाऊन टाकतं आणि तपकिरी होतं. सिगारचं पान हे असं. म्हणून एकाचा धूर गोडसर, एकाचा मातीसारखा.

भट्टीचा तो पिवळा रंग सापडला तोही एका डुलकीमुळे. १८३९ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मळ्यावर स्टीफन नावाच्या गुलाम पोराला रात्री कोठारातला विस्तव राखायला बसवलं होतं. त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा विस्तव विझत आलेला, म्हणून घाबरून त्याने लोहारकामाचा कोळसा आणून टाकला. एकदम ताप चढला आणि सकाळी पानं सोन्यासारखी पिवळी निघाली. त्या पिवळ्या पानावर पुढे सिगारेटचा सगळा धंदा उभा राहिला. स्टीफनच्या वाट्याला काय आलं असेल याचा अंदाज करायला निपाणीचं असावं लागतं असं नाही.

साखरेचा आणि सिगारेटचा संबंध सरळ आहे. साखर असलेल्या पानाचा धूर आम्लाकडे झुकतो, घशाला कमी बोचतो, छातीत ओढता येतो. सिगारचा धूर क्षाराकडचा. तो छातीत घेतला तर माणूस कोलमडेल, पण घ्यायची गरजच नसते. क्षारामुळे निकोटीन तोंडाच्या कातडीतूनच भिनतं. हे वाचलं आणि मी मोठ्याने हसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, चुना! आपल्याकडचा कुठलाही गडी तळव्यावर तंबाखू मळताना वर नखभर चुना का लावतो? क्षार म्हणूनच. हवानाच्या मखमली खुर्चीतला आणि आमच्या पारावरचा, दोघे एकाच रसायनावर बसलेले आहेत. चुना स्वस्त पडतो, एवढाच फरक.

दुसऱ्या वर्षी पानं जिन्याखालच्या अडगळीत टांगली. दाभणाने देठाशी ओवून, सुतळीवर, दोन पानांत बोटभर अंतर ठेवून. खाली ओलं पोतं. पहिले दहा दिवस पिवळी, मग कडेकडून तपकिरी. मधली शीर वाकवल्यावर काडीसारखी कट्‌ मोडली की झालं. लवली तर अजून पाणी आहे. सातव्या आठवड्यात सगळ्या शिरा मोडायला लागल्या. मग पुन्हा पहाटेचं काम: पानं रात्री ओल्या फडक्याखाली ठेवायची, मऊ झाली की मधली शीर उंदराच्या शेपटीसारखी एका ओढीत काढायची. हे मला फार आवडतं. चांगलं मऊ पान असेल तर शीर निघताना कापड फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. हाताला तोच काळा चिकट थर चढतो. कंदील धरणारं कुणी नसतं, मुलगी झोपलेली असते आणि तिला उठवायची माझी छाती नाही.

त्यानंतर फ्रीज. मोठ्या वखारीत ढीग लावले की पानं आपोआप आतून तापतात, ढीग फोडून उलटे लावावे लागतात. क्युबात सिगारचं पान असंच महिनोन्‌महिने मुरवतात. माझ्या चौदा झाडांचा ढीग म्हणजे उशी. ती कसली तापणार? म्हणून बल्ब. महिन्या-दीड महिन्याने बाहेर काढलेली पानं गुळाचं पाणी शिंपडून सागवानी फळ्यांत सुताराच्या शिकंजाने दाबायची, आणि दोन आठवड्यांनी निघालेली वडी बारीक चिरायची. चिरायला विळीसारखं दुसरं हत्यार नाही. घरातली विळी मला मिळाली नाही, स्वतंत्र आणावी लागली.

एक आख्खी खेप बुरशीने गेली. पांढरी पावडर दिसली तेव्हा मी तिला मुरल्याची खूण समजून चार दिवस कौतुक करत बसलो होतो. दुसऱ्या खेपेला तंबाखूचा तो बारीक तपकिरी भुंगेरा लागला. हा किडा मोठा रसिक, त्याला तंबाखू चालते, हळद चालते, मिरची चालते. गच्चीवरून खाली स्वयंपाकघरात उतरायला त्याला पंधरा दिवस लागले. हळदीच्या बरणीत पहिला सापडला त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता प्रत्येक खेप आधी खऱ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, चार पिशव्यांत बांधून, हे कलम आमच्या तहात आहे.

सिगारही करून पाहिला. आतला भरणा, त्याला बांधणारं पान, वरून पातळ अंगरखा. अंगरखा तीनदा फाटला. चौथ्यांदा जे तयार झालं ते इतकं घट्ट की ओढताना कानठळ्या बसल्या. सुरळी वळणं किती सोपं वाटतं. चिरूट हा शब्दही तमिळमधल्या गुंडाळण्याच्या सुरुट्टुवरूनच आला. त्रिचीच्या उरैयूर भागात एके काळी या चिरूटांचा मोठा धंदा होता. हवानात सिगार वळणाऱ्यांसाठी कारखान्यात एक वाचक बसवायची रीत १८६५ पासून आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कामगार पदरचे पैसे काढून त्याला पगार द्यायचे, आणि कोणती कादंबरी घ्यायची ते मतं घेऊन ठरवायचे. माँटेक्रिस्टो या सिगारचं नाव तशाच एका लाडक्या कादंबरीवरून पडलं. हे वाचताना मला नेहमी निपाणीची वखार दिसते. तिथे कुणी वाचलं असतं तरी काय; बायकांची तोंडं पदरांनी बांधलेली, ऐकणाऱ्यांना शिंका. आज्जी म्हणते, तिथं बोलायचं न्हाई, बोललं की धुरळा आत.

पाइप-सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा आमच्या पंथातला लाडका गैरसमज. तोंडाला, घशाला, अन्ननलिकेला तो धूर बरोबर कळतो, आणि त्या कर्करोगांची नावं मला पाठ आहेत. आज्जाच्या छातीचा भाता मी शेवटची दोन वर्षं रात्र रात्र ऐकला. १९९६ साली तो थांबला. मुलगी दहावीत आहे, तिने सरळ विचारलं, "बाबा, एवढं माहीत आहे तर का ओढता?" मी म्हटलं, वासासाठी. "मग हुंगा आणि ठेवून द्या." मुद्दा बिनतोड होता. बहुतेक रविवारी मी तेच करतो. माझी पानं तूण लाकडाच्या पेटीत आहेत. सिगारच्या पेट्यांना वापरतात तो स्पॅनिश सीडार नावाला सीडार, खरा कडुनिंबाच्या कुळातला, आणि आपला तूण त्याचा जवळचा भाऊबंद. पेटी उघडायची, बघायची, मिटायची. उरलेल्या रविवारी पाइप भरतो, गच्चीवर, एकटा.

यंदाची खेप सगळ्यांत चांगली उतरली. इतकी, की दाखवावी असं एकच माणूस डोळ्यांपुढे आलं. आज्जी आता नव्वदीला टेकली आहे, गावाकडे तात्यांकडे असते. दात एकही नाही, पण मशेरी चुकत नाही, हिरड्यांना लावते. मी चार पानं सुती कापडात गुंडाळून नेली. ती उंबऱ्यात पाय पसरून उन्हाला बसली होती. पान तिच्या हातात दिलं. तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते सरकवत नेलं, देठाकडून टोकाकडे, वखारीत हजारदा केलं असेल तसं. शीर काढलेली तिला चटकन कळली. मग नाकाशी नेलं. बराच वेळ तिथेच धरलं. मी श्वास रोखून.

"ह्याला ठसका न्हाई," ती म्हणाली.

"नाही आज्जी. सहा आठवडे मुरवलंय."

"वासबी गोड हाय."

"हो!"

"एवढी वर्सं काढली वखारीत. असं पान नाकाला न्हाई आलं कधी." तिने पुन्हा एकदा हुंगलं. मग आत वळून काकूला हाक मारली, "अगं, तवा ठेव चुलीवर."

मी नको म्हणेपर्यंत पानं तव्यावर गेली होती. चौदा बादल्या, पहाटेच्या शिरा, तो फ्रीज. पाच मिनिटांत चारही पानं कोळशासारखी काळी. धूर झाला, पण ठसका कुणालाच लागला नाही. म्हैससुद्धा वळली नाही. आज्जीने तळव्यावर चोळून बोटभर घेतली, हिरडीला लावली, डोळे मिटून तोंड हलवलं. मग उंबऱ्याबाहेर पिंक टाकली.

"मिळमिळीत झालीया रं," म्हणाली, आणि पदराला तोंड पुसून स्वतःच्या डबीचं झाकण उघडू लागली.